कोणाचा नंदी? : तान्ह्या पोळ्याच्या इतिहासातून सुटलेला सुतार

आमच्या बाभुळगावात पोळा दोन दिवस चालतो. श्रावण अमावास्येला मोठा पोळा, म्हणजे खऱ्या बैलांचा. आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा. तान्हा म्हणजे लहानग्यांचा. मुले लाकडाचे बैल सजवून आणतात, तोरणाखाली ओळीने उभे करतात, पूजा होते, बक्षिसे वाटली जातात. मग पोरे आपापला बैल ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे पैसे आणि खाऊ, गोळा करतात. या लाकडी बैलाला आमच्याकडे नंदी म्हणतात. चार पायांखाली पाटी, पाटीला चार चाके, पुढे ओढायला दोरी. तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून हलवायला चार माणसे लागणाऱ्या नंदीपर्यंत सगळे आकार असतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर अशा मोठाल्या नंदींसाठीच प्रसिद्ध आहे.

१९८२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी स्वतः कोरलेला नंदी घेऊन मी तान्ह्या पोळ्यात उभा राहिलो. त्या दिवशी मला विचारलेला एक प्रश्न पुढे चाळीस वर्षे डोक्यात राहिला. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे, म्हणून आधी ती हकिकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

बाभळीचा तुकडा

आमच्या घरी शेती नव्हती, त्यामुळे बैल नव्हते आणि पिढीजात नंदीही नव्हता. वडिलांचा पगार बेताचा. बाजारातला नंदी मागायची सोय नव्हती. आमच्या आळीच्या टोकाला एका वाढयाची पडवी होती. वाढई म्हणजे सुतार. संस्कृतातल्या 'वर्धकी'चे हे आपल्याकडचे रूप. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. वखराचे दांडे, तिफणीचे दाते, बंडीच्या चाकाचे आरे अशी कामे चालत. जून महिन्यात धीर करून मी म्हणालो, "काकाजी, एक तुकडा द्या ना. नंदी करतो."

त्यांनी ढिगाकडे बोट दाखवले. मी बाभळीचा तुकडा उचलला. गावाच्या नावातच बाभूळ आहे, तेव्हा नंदीही तिचाच असावा असे माझे बालिश गणित. ते हसले. "बाभूळ बंडीच्या चाकाले पायजे. नंदीले शिवण घे, हलकी असते. बाभळीनं हात सोलतीन तुये."

मी ऐकले नाही. दोन महिने हात सोलून घेतले. ओली बाभूळ हत्याराला बरी लागते, पण वाळताना उलते. माझ्या बैलाच्या पाठीला वशिंडापासून शेपटीपर्यंत चीर गेली. शिंगे दोनदा तुटली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली आणि लाकडाच्या रेषा बोटाने दाखवल्या. शिंग पुढे येते, रेषा उभी जाते. आडव्या रेषेतले बारीक लाकूड तुटणारच. "शिंगं येगळी कर. भोक पाडून बसव. कानाचंही तसंच." मग माझ्या कामाकडे पाहून म्हणाले, "तू कोरून राह्यला का ओरबाडून राह्यला?"

जुने नंदी पाहिले तर शिंगे आणि कान बहुतेकदा असेच वेगळे करून बसवलेले दिसतात. त्यामागे लाकडाचे हे शास्त्र आहे. ते मला पुस्तकात भेटले नाही, पडवीत भेटले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझा वीतभर, तडा गेलेला, चुन्याने रंगवलेला नंदी ओळीत लागला. पहिला मान एका मोठ्या घरच्या सागवानी नंदीला मिळाला. माझ्या कमरेएवढा उंच, मखमली झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. त्याचे पाय तासताना मी स्वतः पाहिले होते, त्याच पडवीत. ते करणारे काकाजी मैदानाच्या कडेला तंबाखू मळत उभे होते. वही घेतलेले एक गृहस्थ ओळीतून फिरत प्रत्येक नंदीपाशी थांबून एकच प्रश्न विचारत होते, "कोणाचा नंदी?" मुले घराण्याचे नाव सांगत, ते लिहून घेत. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणालो, "माहाच. म्या केला."

"तसं नाही रे. घर कोणाचं?"

मी वडिलांचे नाव सांगितले. ते वहीत गेले. वडिलांनी त्या लाकडाला हातही लावला नव्हता.

परतताना काकाजी एवढेच म्हणाले, "कान बरे जमले." ते वाक्य मी कोणत्याही बक्षिसाशी बदलणार नाही. पण वहीतला प्रश्न तिथेच राहिला. नंदी कोणाचा, हे विचारताना तो ज्याने केला त्याचे नाव कधीच का येत नाही?

राजाची गोष्ट आणि वर्धा नदी

पुढे वाचनाची आवड लागल्यावर तान्ह्या पोळ्याचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट भेटली. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी मुलांना शेतीचे आणि बैलाचे महत्त्व कळावे म्हणून हा सण सुरू केला. साल बहुधा १८०६ सांगितले जाते. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी नंदी त्याची साक्ष म्हणून दाखवला जातो. गोष्ट गोड आहे आणि नागपूर शहरापुरती ती खरीही असेल. दरबाराने एखाद्या दिवसाला मान दिला की तो दिवस थाटात साजरा होतो, हे आपण दसऱ्यातही पाहतो.

अडचण आमच्या गावाची आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात रघुजींचा अडगावला २९ नोव्हेंबरला पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहाने गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचा काही मुलूख वगळता वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेश रघुजींना सोडावा लागला. तो इंग्रजांनी निजामाकडे दिला. त्याआधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता, तोही संपला. बाभुळगाव वर्धेच्या पश्चिमेला आहे. म्हणजे १८०६ मध्ये रघुजींनी नागपुरात सण सुरू केला असे धरले, तर त्या वेळी आमचे गाव त्यांच्या राज्यात नव्हतेच. त्यानंतरही नव्हते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूने नागपूरची गादीही मोकळी झाली. वऱ्हाड आणि नागपूरकडचा प्रांत कारभारासाठी एकत्र आले ते १९०३ मध्ये. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ चे.

मग नदीच्या या तीरावर तान्हा पोळा आला कसा? तीन शक्यता दिसतात. पहिली, दुहेरी अंमलाच्या काळातच, १८०३ च्या आधी, तो इथे होता. तसे असेल तर १८०६ ही सुरुवात ठरत नाही. दुसरी, तो राजाच्या हुकमाने न येता माणसांबरोबर आला. वर्धेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या, बैलबाजार होते, हंगामी मजूर ये-जा करत. राज्याची सीमा नदीवर होती. सोयरिकीला ती आडवी येत नव्हती. तिसरी, लाकडी बैलाचा खेळ दोन्हीकडे आधीपासून होता आणि नागपूरच्या दरबाराने त्याला दिवस आणि प्रतिष्ठा दिली.

मला तिसरी शक्यता अधिक पटते, कारण चाकांवरचा बैल कोणा एका राजाचा नाही. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला छाबू लक्ष्मण भिल्ल या शेतमजुराला झाडाच्या मुळाशी खणताना धातूच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. त्यातल्या काहींना चाके आहेत. त्यांच्या काळाबद्दल मतभेद असले तरी बहुतेक अभ्यासक त्या इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आसपासच्या मानतात. मी त्या रथापासून आमच्या नंदीपर्यंत सरळ रेषा ओढत नाही. तीन-साडेतीन हजार वर्षांची रेषा ओढायला मधले पुरावे लागतात. म्हणायचे एवढेच की बैलाची प्रतिमा करून तिला चाके लावण्याची कल्पना या भूमीत फार जुनी आहे, आणि धातू टिकला म्हणून ती आपल्याला दिसली. लाकूड टिकत नाही. वाळवी, पाऊस आणि चूल यांतून जे सुटते तेवढेच आपल्यापर्यंत येते.

माती आणि लाकूड

बैलाचा सण महाराष्ट्रभर आहे. दक्षिणेकडे बेंदूर, इकडे पोळा. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीचे बैल पूजतात. शेजारच्या छत्तीसगडात पोळ्याला मुलांना मातीचा नंदी देतात, त्यालाही चाके असतात. छत्तीसगडही बराच काळ नागपूरकर भोसल्यांकडे होते, म्हणून कोणी म्हणेल की पाहा, भोसल्यांचाच प्रभाव. पण तिकडे मुख्यतः माती आणि इकडे लाकूड, हा फरक राजा समजावून देत नाही. तो कारागीर आणि जंगल समजावून देतात.

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली हा सागाचा पट्टा. त्याबरोबर शिवण, हळदू, तिवस, धावडा. प्रत्येकाचे काम ठरलेले. धावडा चिवट म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला, बाभूळ कठीण म्हणून नांगराला आणि चाकाला, शिवण हलकी आणि न उलणारी म्हणून कोरीव कामाला. ज्या गावात नांगर आणि बंड्या होत्या, तिथे सुतार होता. सुताराच्या पडवीत उरलेले तुकडे होते. आणि तुकड्यांभोवती पोरे होती. माझ्या मते नंदीचा जन्म या तीन गोष्टींतून झाला.

माती आणि लाकूड यांतला आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. मातीचा बैल वर्षाचा पाहुणा. सण झाला की विसर्जन. लाकडी नंदी घरात राहतो. आजोबांचा नंदी नातू ओढतो. आणि वस्तू पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली की ती घराण्याची होते. मग तिची उंची घराण्याची उंची ठरते. दरवर्षी नवी झूल, नवा रंग, पण लाकूड तेच. "कोणाचा नंदी?" या प्रश्नाला घराण्याचे नाव येते ते यामुळे. तीन पिढ्यांनंतर तो नंदी घडवणारा हात कोणाचा, हे त्या घरालाही आठवत नाही.

मोठ्या पोळ्यातही मान हाच कणा आहे. तोरणाखाली कोणाचे बैल पुढे, कोणाचे मागे, हे ठरलेले असते आणि त्यावरून भांडणे होतात. तान्ह्या पोळ्याने खेळ मुलांचा घेतला, पण वही मोठ्यांचीच ठेवली.

बलुत्याबाहेरचे काम

सुताराबद्दल लिखित इतिहासात काहीच नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त बलुतेदारांची व्यवस्था तपशीलवार आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात सुतारांवर प्रकरण आहे. या सगळ्यांत सुतार दिसतो तो औतांच्या संदर्भात. शेतकऱ्याची अवजारे घडवायची आणि दुरुस्त करायची, आणि हंगामाला खळ्यावर धान्य घ्यायचे. ज्याची औते जास्त त्याचे देणे जास्त. घर बांधणे, पाळणा, पेटी ही कामे बलुत्याबाहेरची, त्यांचा मोबदला वेगळा.

नंदी यात कुठे बसत होता? आमच्या काकाजींचे उत्तर साधे होते. लहान नंदी उरलेल्या तुकड्याचा, तो ज्याच्याकडे औत आहे त्याच्या पोराला तसाच द्यायचा. मोठा नंदी मात्र वेगळ्या ठरावाचा. लाकूड मालकाचे, मजुरी ठरवून, वर नारळ आणि कापड. म्हणजे लहान नंदी देण्याघेण्याच्या नात्यातला आणि मोठा नंदी पैशाचा. पहिल्याची नोंद हिशेबात नाही, कारण त्याला किंमत नव्हती. दुसऱ्याची नोंद आहे, पण खर्च करणाऱ्याच्या नावे. दोन्हीकडून सुताराचे नाव सुटते.

गेली काही वर्षे ओळखीच्या घरी गेलो की मी त्यांचा जुना नंदी पाहायला मागतो. वरचा रंग काही सांगत नाही. तो थरावर थर असतो. मी नंदी उलटा करतो. पोटाखाली आणि पाटीच्या खालच्या बाजूला कोणी रंधा मारत नाही, तिथे वाकसाचे घाव तसेच राहतात. काही हात लांब, सपाट घाव घालतात, काही आखूड आणि खोल. एका हाताचे वशिंड मागे झुकते, दुसऱ्याचे सरळ उभे. गळ्याच्या पोळीची घडी एकजण तीन रेषांनी दाखवतो, दुसरा एकाच वळणाने. काही बैलांची निमुळती, हलकी अंगलट पाहिली की वर्धेकडचा पांढरा गवळाऊ बैल समोर ठेवून काम केल्यासारखे वाटते. नाव नसले तरी हात ओळखता येतो. पाटीखाली मला मालकांची आद्याक्षरे सापडली, एकदोन ठिकाणी साल सापडले. करणाऱ्याचे नाव अजून एकदाही सापडलेले नाही.

पडवी रिकामी होते

पडवी एका दिवसात रिकामी झाली नाही. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. तो गावोगाव पोचायला वेळ लागला, पण पोचला. बंडीच्या लाकडी चाकाची जागा रबरी टायरने घेतली. चाक गेले तेव्हा सुताराचे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मानाचे काम गेले. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने सागासारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येईनाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशापासून लाकूडतोड आणि आरागिरण्या यांवरचे नियंत्रण देशभर कडक झाले. जंगल वाचायला हे हवेच होते. मी त्याविरुद्ध नाही. पण उरलेल्या तुकड्यांचा ढीग पडवीतून नाहीसा झाला, हेही खरे.

आणि शेवटी बैलच कमी झाले. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ मध्ये तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत जवळपास तीस टक्के घट. बाभुळगावच्या मोठ्या पोळ्यात आता ओळ लवकर संपते. तान्ह्या पोळ्यात मात्र गर्दी वाढली आहे. बैल नसलेल्या घरांतही नंदी असतो, बाजारातून आणलेला, यंत्रावर कापलेला, चकचकीत रंगाचा. सण वाढला आणि सुतार कमी झाला, अशी ही उलटी गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतली एक चित्रफीत दाखवली. पेनसिल्व्हेनियात रिजवे नावाचे जंगलपट्ट्यातले छोटे गाव आहे. तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून चेनसॉने, म्हणजे आपल्याकडे झाडे तोडणारे ठेकेदार वापरतात त्या साखळी-करवतीने, लाकूड कोरणाऱ्यांचा मेळावा भरत आला आहे. ऐन थंडीत, बर्फात, उघड्यावर. अख्खा ओंडका उभा करतात आणि लोकांसमोर त्यातून अस्वल, गरुड काढतात. भुशाचा फवारा उडतो, बघे कडेला उभे असतात. नवशिके मुरलेल्यांच्या शेजारी उभे राहून शिकतात.

"मामाजी, आपल्याकडे असं का नाही?" त्याने विचारले.

"आहे ना. तान्हा पोळा."

"पण तिथं कोणी कोरत कुठं? आणूनच उभे करतात."

मला उत्तर सुचले नाही. पोरगा बरोबर बोलला होता. तिकडे करणारा मधोमध आणि घेणारा कडेला. आमच्याकडे घेणारा तोरणाखाली आणि करणारा कडेला, तंबाखू मळत. यंत्र की वाकस, हा मुद्दाच नाही. काकाजींना चेनसॉ मिळाला असता तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता. हाताने सागाचा ओंडका फोडण्यात किती कंबर मोडते हे त्यांनाच ठाऊक होते. मुद्दा मेळाव्यात कोण कुठे उभे असते, हा आहे.

वहीतला दुसरा रकाना

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या तान्ह्या पोळ्यात नंदी बघायला मला बोलावले. केस पांढरे झाले की हा मान मिळतो. हातात वही दिली. मी प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारले : कोणाचा नंदी? आणि कोणी केला? पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी पटकन उत्तर दिले. दुसऱ्याला बहुतेकांनी आईबापाकडे पाहिले. "बाजारातून आणला," "माहीत नाही," "जुना आहे." एक मुलगी म्हणाली, "आबाजीनं केला," आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. शेजारचे कार्यकर्ते म्हणाले, "भाऊ, हे कशाले लिहून राह्यले? बक्षीस तर सजावटीचं आहे." मी म्हटले, राहू द्या, एक रकाना जास्त.

१९८२ चा तो सागवानी नंदी अजून त्याच घरी आहे. तिथे जाऊन तो उलटा केला, पोटाखालचे घाव पाहिले. लांब, सपाट, एका दमात घातलेले. ते मी ओळखतो. काकाजींना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा मुलगा यवतमाळला फर्निचरच्या दुकानात कामाला आहे. वडिलांचे नाव या लेखात छापू का, असे त्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुस्तकात नका छापू, भाऊ. नंदीवर लिहा."

घरमालकांनी परवानगी दिली. पाटीच्या खालच्या बाजूला, रंग न लागलेल्या जागी, मी पेन्सिलीने त्यांचे नाव आणि गाव लिहिले आहे.